कात अडकली? आधी टँकमधली हवा बघा

वाचक विचारतात : घरातले साप

मार्चपासून आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त तक्रारी एकाच गोष्टीच्या आहेत: कात नीट निघत नाही. म्हणून हा अंक तिच्याचसाठी. उत्तरं मुख्यतः बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या दोन परदेशी, बिनविषारी सापांना धरून दिली आहेत, कारण पत्रंही त्यांचीच आहेत.

प्र. माझा बॉल पायथन दोन वर्षांचा आहे. काचेचा टँक, वर जाळीचं झाकण, खाली वर्तमानपत्र. दिवसातून तीनदा स्प्रे मारतो. आत भिंतीला चिकटवलेला आर्द्रतेचा काटा ६० टक्के दाखवतो. पावसाळ्यात कात अखंड निघायची, पण मार्चपासून दोनदा तुकड्यातुकड्यांनी निघाली. चुकतंय कुठे? (पुणे)

उ. पहिला संशय काट्यावर घ्या. घड्याळासारखे गोल, स्वस्त आर्द्रतामापक पाकिटातून निघतानाच दहा-पंधरा टक्के चुकीचे असू शकतात, आणि एकाच आकड्यावर अडकून बसायची त्यांना खोड असते. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल मापक घ्या आणि तोही एकदा मिठाने तपासा. बाटलीच्या बुचात अर्धा चमचा साधं मीठ घ्या. थेंब थेंब पाणी घालत ओल्या वाळूसारखा लगदा करा, मीठ विरघळता कामा नये. बूच आणि मापक एका झिपच्या पिशवीत ठेवून पिशवी बंद करा. उन्हात नको, एसीखाली नको. आठ-दहा तासांनी पिशवी न उघडता बाहेरूनच आकडा वाचा. ओल्या मिठावरच्या कोंडलेल्या हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, त्यामुळे तुमचा मापक ६८ दाखवत असेल तर तो सात टक्के कमी सांगतो. तेवढं मापकावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

मग मापकाची जागा. झाकणाजवळच्या आकड्याचा सापाला काही उपयोग नाही. सेन्सर जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, थंड बाजूला, म्हणजे दिव्यापासून लांब ठेवा. शक्य असेल तर दुसरा गरम बाजूला लावा. दोघांतला फरक पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटतं, पण तो फरक असायलाच हवा.

आता स्प्रे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी बाहेरची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. वर जाळी आणि त्यावर दिवा असेल तर तापलेली हवा धुराड्यातून निघावी तशी वर निघून जाते आणि ओल सोबत नेते. तुम्ही स्प्रे मारता तेव्हा आकडा ८०वर उडी घेतो आणि तास-दीड तासात पुन्हा तिशीत येतो. तीन वेळा मारलात की अशा तीन उड्या, मधले वीस तास कोरडे. शिवाय वर्तमानपत्र पाणी धरून ठेवत नाही, नुसतं भिजतं. म्हणजे हवा कोरडी आणि पोटाखाली मात्र ओलं, नेमकं उलटं.

जुन्या कातडीखाली नवी कातडी पूर्ण तयार झाली की दोन्हींच्या मध्ये पातळ द्रव उतरतो, त्यानेच जुना थर सुटतो. डोळे निळसर-दुधी दिसतात ते या द्रवामुळे. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत कात पडते. सगळं मिळून एक ते दोन आठवडे जातात. या दिवसांत साप आतून तहानलेला असेल किंवा हवा कोरडी असेल, तर बाहेरचा थर लवचिक राहत नाही, वाळलेल्या डिंकासारखा ठिकठिकाणी धरून बसतो आणि फाटतो.

बॉल पायथन मूळचा घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला. तिकडे वरची माती कोरडी ठणठणीत असते, पण हा प्राणी दिवस काढतो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत. तिथली हवा बाहेरपेक्षा दमट असते आणि माती चिखल नसते. टँकमध्ये आपल्याला हेच साधायचं आहे: दमट हवा, पण पोटाखाली कोरडं.

करायचं ते असं. जाळीचा तीन-चतुर्थांश भाग ॲक्रिलिकच्या पट्टीने किंवा स्वयंपाकघरातल्या फॉइलने झाका. दिव्याच्या खाली आणि भोवती हातभर जागा मोकळी ठेवा, तिथे ॲक्रिलिक तर अजिबात नको. वर्तमानपत्र काढून आठ सेंटिमीटर जाडीचा थर घाला: दोन भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक भाग कोकोपीट (सोडणाचाच बारीक चुरा). तीन फूट बाय दीड फूट टँकला असं साधारण ३२ लिटर मिश्रण लागतं. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट फुगून आठ-नऊ लिटर होते. वीट नर्सरीतून घेत असाल तर खत मिसळलेली नको. साधी असली तरी एकदा पाण्यातून काढून पिळून घ्या, कारण सोडणात मीठ असतं. देवदाराचा किंवा चीडचा भुसा कितीही छान वासाचा असो, सापाखाली नको. तो वासच श्वसनमार्गाला बाधतो.

पाणी शिंपडू नका, ओता. चारही कोपऱ्यांत मिळून अर्धा लिटर, भिंतीला लावून हळूहळू. ते तळाशी उतरतं आणि वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर कोरडा राहतो. बोट खुपसून बघा: वर कोरडं, दुसऱ्या पेरापर्यंत गार आणि दमट. टँकच्या तळाशी काचेतून पाणी साचलेलं दिसलं तर जास्त झालं. पुन्हा कधी ओतायचं ते मापक सांगेल. पुण्याच्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात कदाचित महिनाभर नाही. एरवी ५५ ते ६५ टक्के आणि डोळे दुधी झाल्यापासून कात पडेपर्यंत ६५ ते ७५ एवढं धरून चाला. पाण्याचं भांडं साप वेटोळं करून बसू शकेल एवढं मोठं घ्या आणि थंड कोपऱ्यातून मध्याकडे सरकवा. एवढ्यानेही आकडा थोडा वर जातो.

प्र. सापाचे डोळे निळे झालेत आणि त्याने उंदीर नाकारला. आजारी आहे का? (कोल्हापूर)

उ. नाही, कात येतेय. या दिवसांत त्याला धड दिसत नाही, म्हणून तो चिडका होतो आणि बरेच साप खात नाहीत. हातात घेऊ नका, खाणं पुढे ढकला. पाणी मात्र रोज ताजं ठेवा.

प्र. एडिसनला राहतो. मुलीचा कॉर्न स्नेक आहे. ऑक्टोबरपर्यंत सगळं ठीक, पण जानेवारीत घरातला हीटर दिवसरात्र चालतो आणि टँकमध्ये १५ टक्के आर्द्रता दिसते. बाहेर तर बर्फ आहे, हवेत ओल नाही असं कसं? टँकमध्ये ह्युमिडिफायरची (हवा दमट करणाऱ्या मशीनची) नळी सोडू का? (न्यू जर्सी)

उ. मापक खोटं बोलत नाही. आर्द्रतेची टक्केवारी म्हणजे त्या तापमानाची हवा जेवढी वाफ धरू शकते त्यातली किती धरली आहे ते. थंड हवेची ऐपत मुळातच कमी. बाहेर शून्य अंश सेल्सिअस आणि ८० टक्के असलेली हवा घरात येऊन २२ अंशांना तापली की वाफ तेवढीच राहते, ऐपत वाढते आणि आकडा १८-१९ टक्क्यांवर येतो. तीच हवा टँकच्या ३० अंशांच्या बाजूला जेमतेम १२ टक्के भरते. म्हणजे बाहेर बर्फाचे ढीग असूनही तुमचा साप वाळवंटात राहतोय. बॉल पायथनवाल्यांनीही हा हिशेब लक्षात ठेवावा: दिव्याचं तापमान वाढवलं आणि पाणी तेवढंच ठेवलं, तर आर्द्रता आपोआप घसरते.

नळी टँकमध्ये सोडू नका. अरुंद जागेत धुकं भरलं की सगळे पृष्ठभाग ओले होतात आणि हवा कोंदट होते. मशीन खोलीत ठेवा आणि खोलीची आर्द्रता ४० टक्क्यांपर्यंत आणा. त्याहून वर नेलीत तर खिडकीच्या थंड काचांवर पाणी सुटेल आणि चौकटींना बुरशी धरेल. धुकं सोडणाऱ्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये नळाचं जड पाणी घातलं तर पाण्यातले क्षार पांढऱ्या भुकटीसारखे सगळीकडे बसतात, त्यामुळे डिस्टिल्ड पाणी वापरा. मशीनची टाकी दोन-तीन दिवसांनी रिकामी करून घासा. शिळं पाणी धुक्यासकट सापाच्या आणि मुलीच्याही फुप्फुसात जातं.

कॉर्न स्नेक अमेरिकेच्याच आग्नेय भागातला, बॉल पायथनपेक्षा सोशिक. टँकमध्ये ४० ते ५५ टक्के त्याला पुरतात. पूर्ण टँक तिथवर नेण्याची धडपड हिवाळ्यात करूच नका, खाली सांगितलेला ओला डबा द्या. आमचा अनुभव असा की कॉर्न स्नेकच्या दहातल्या आठ तक्रारी एवढ्यावर मिटतात.

प्र. 'ह्युमिड हाइड', म्हणजे सापाला लपायचा ओला डबा, विकत महाग मिळतं. घरी करता येईल का? (नाशिक)

उ. विकतच्यापेक्षा घरचाच चांगला, कारण माप तुमच्या सापाचं असतं.

झाकण घट्ट बसणारा, अपारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, आइस्क्रीमचा असला तरी चालेल. साप आत वेटोळं घालून बसला की त्याच्या अंगाला भिंती लागाव्यात, एवढाच. ऐसपैस डब्यात सापाला सुरक्षित वाटत नाही आणि तो आत जातच नाही. सापाचा सर्वांत जाड भाग असेल त्याच्या दीडपट रुंद भोक झाकणात किंवा बाजूला वरच्या अंगाला पाडा. बाजूला पाडलंत तर तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे आत भरायचं शेवाळ बाहेर ओढलं जाणार नाही. गरम केलेल्या खिळ्याने गोलाकार टोचत गेलं की तुकडा सुटून येतो. कडा पॉलिशपेपरने घासून बोट फिरवून बघा. बोटाला जी कड खरखरीत लागते ती सुटत आलेल्या नाजूक कातडीला सुरीसारखी लागेल.

आत स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, भरा. ऑर्किडवाल्या नर्सऱ्यांत मिळतं, वाळलेलं असतं. दहा मिनिटं पाण्यात भिजवा आणि मग दोन्ही हातांनी पिळा. पुन्हा पिळा. मूठ आवळल्यावर एकही थेंब पडता कामा नये, पण तळहाताला ओल जाणवली पाहिजे. बहुतेकांची चूक इथेच होते: पिळायचा कंटाळा करतात, डब्यात पाणी साचतं आणि साप ओल्या गोधडीवर झोपल्यासारखा चार-चार दिवस तिथे पडून राहतो. मॉस नसेल तर पिळलेला जाड टिश्यू किंवा जुन्या टॉवेलचा तुकडाही चालतो, पण तो दर दोन दिवसांनी बदलावा लागतो. मॉस आठवड्याने धुवा, महिन्याने टाकून द्या, आणि त्यात विष्ठा दिसली तर त्याच क्षणी.

डबा कुठे ठेवायचा? गरम आणि थंड बाजूंच्या मध्ये, किंचित गरमकडे. थेट हीटिंग पॅडवर ठेवलात तर आतून भट्टी होते. थंड कोपऱ्यात ठेवलात तर आतली ओल गारठा धरते, आणि गार-ओलं हे सापाच्या छातीला सर्वांत वाईट. कोरड्या लपायच्या जागा दोन्ही बाजूंना असू द्या. साप ओला डबा वापरेल तो त्याच्या मर्जीने. डोळे दुधी झाले की मुक्काम तिथे हलवेल आणि कात पडली की सोडून जाईल. एरवीही दिवसरात्र तिथेच बसत असेल तर बाकीचा टँक फार कोरडा आहे, असं समजा. किंवा अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत.

आणि टँकमध्ये एक खडबडीत दगड किंवा जाड सालीची फांदी असू द्या. साप नाक घासून ओठांपाशी कात सोडवतो. टँकमध्ये सगळंच गुळगुळीत प्लास्टिक असेल तर आर्द्रता अचूक असूनही सुरुवातच होत नाही.

प्र. कात निघाली पण एका डोळ्यावर चकती राहिली आहे. चिकटपट्टी हलकेच दाबून ओढली की निघते, असं एकाने सांगितलं. चिमटा वापरणारेही आहेत. (बेळगाव)

उ. दोन्ही करू नका. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर घट्ट बसलेली पारदर्शक चकती असते आणि कातीबरोबर तिचाच वरचा थर निघतो. राहिलेल्या थराखाली नवी चकती असते. चिमट्याने किंवा पट्टीने तीही सुटली तर डोळा उघडा पडतो, सुकतो आणि बहुधा जातो.

आधी खरंच राहिली आहे का ते ठरवा. काढून टाकलेली कात शोधा, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि डोक्याचा भाग पांढऱ्या ताटलीत पसरा. उजेडासमोर धरलं की डोळ्यांच्या जागी दोन गोल, भिंगासारख्या टिकल्या दिसतात. तिथे भोक असेल तर टिकली सापाच्या डोळ्यावर आहे. दोन्ही टिकल्या जागेवर असतील आणि तरी डोळा सुरकुतलेला किंवा खळगा पडल्यासारखा दिसत असेल, तर ते पाणी कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. ओरबाडायला तिथे काही नाहीच.

राहिलीच असेल तर ओला डबा द्या, आर्द्रता ७०च्या आसपास ठेवा आणि पुढच्या कातीची वाट बघा. एकच थर असेल तर तो बहुतेक वेळा पुढच्या कातीबरोबर निघून जातो. दुसऱ्या कातीलाही राहिला, डोळ्याभोवती सूज आली किंवा कडेला पिवळसर काही दिसलं, तर परदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. सगळेच पशुवैद्य साप हाताळत नाहीत, आधी फोन करून विचारा.

प्र. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं कडं बसलंय. सासूबाई म्हणतात खोबरेल तेल लाव. (डोंबिवली)

उ. सासूबाईंचा उपाय आपल्या टाचांना लागू पडतो, कातीला नाही. वाळलेल्या थराला पाणी हवं असतं. तेल वरून बसून पाणी आत जाऊ देत नाही, शिवाय त्यावर भुसा आणि धूळ चिकटते.

पण कडं अंगावर राहू देऊ नका, ही दिरंगाई करण्यासारखी गोष्ट नाही. ते वाळत जाऊन आवळतं, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि टोक काळं पडून गळतं. दोन-तीन कातींची कडी एकावर एक चढलेली असतील तर लवकरच.

झाकणाला भोकं असलेला डबा घ्या. आत टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पिळून टाका. कोमट म्हणजे २८ ते ३० अंश. मनगटावर घेतलं तर ना गरम ना गार लागेल. साप त्याच्या घड्यांत सोडा, झाकण लावा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. पाण्यात बुडवून ठेवण्यापेक्षा आम्हाला ही पद्धत पसंत आहे: साप घाबरून पोहत राहत नाही आणि घड्यांवर घासून बरंचसं काम स्वतःच करतो. पाणीच वापरायचं असेल तर सापाच्या अंगाच्या निम्म्या उंचीएवढं, वीस मिनिटं, आणि तुम्ही समोर बसून. फोन आला तरी उठायचं नाही. पोहता येणारा सापही थकला की बुडतो.

नंतर ओल्या फडक्यात शेपूट सैलसर धरा आणि सापालाच पुढे सरकू द्या. ओढायचं तुम्ही नाही, त्याने. डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेनेच. निघालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन दिवसांत न निघाल्यास किंवा कड्याच्या पुढचा भाग सुजून रंग बदलत असल्यास घरचे प्रयोग थांबवून डॉक्टर गाठा.

आर्द्रता ठीक असूनही प्रत्येक कात अशीच अडकत असेल तर आणखी तीन गोष्टी तपासा. एक, माइट्स. पांढऱ्या फडक्यावर साप चालवला की मोहरीपेक्षाही लहान काळे ठिपके फडक्यावर पडतात आणि हलतात. हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खाचेतही बघा. दोन, तापमान. गरम बाजू ३१-३२ अंशांपर्यंत जात नसेल तर कात लांबते. हीटर कुठलाही असो, थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. तीन, जुनी जखम किंवा भाजल्याचा व्रण. तिथे कात नेहमीच धरते आणि त्याला इलाज नाही, फक्त त्या जागी लक्ष ठेवायचं.

प्र. जुलैपासून टँकमध्ये ८८ टक्के आर्द्रता आहे. मी काहीच पाणी घालत नाही. बॉल पायथनच्या पोटाचे खवले लालसर झालेत, दोन ठिकाणी पाण्याचे फोड आहेत. कात मात्र सुंदर निघते, आणि हल्ली फार लवकर लवकर निघते! (वसई)

उ. लवकर निघणारी कात ही चांगली बातमी नाही. त्वचेला इजा झाली की साप ती भरून काढायला कात टाकण्याचा वेग वाढवतो. तुमच्याकडे पोटाखाली सतत ओल राहिल्याने खवले कुजायला लागले आहेत.

आजच खालचा सगळा थर आणि मॉस काढून टाका. टँक धुऊन कडक वाळवा. महिनाभर फक्त पांढरा टिश्यू पेपर, रोज बदलायचा. म्हणजे डाग आणि स्राव लगेच दिसतील. झाकणावर काही झाकलं असेल तर काढा, हवा खेळू द्या. खोलीत पंखा चालू ठेवा, पण झोत टँकवर नको.

पावसाळ्यात 'हवा गार आहे' म्हणून हीटर कमी करणारे बरेच आहेत. इथे तेच नडतं. वर न्यू जर्सीच्या वाचकाला दिलेला हिशेब उलटा लावा: २७ अंशांची ८८ टक्के असलेली हवा ३२ अंशांना तापवली की ती ६६ टक्क्यांवर येते. एक थेंबही न काढता गरम बाजू कोरडी होते. सापाला पोट वाळवायला जागा मिळते.

फोड फोडू नका, आपल्या घरातलं कुठलंही मलम लावू नका. फोड दिसलेत म्हणजे डॉक्टरांची वेळ झालीच आहे. आत संसर्ग उतरला असेल तर प्रतिजैविकांची इंजेक्शनं लागतात. जाताना पोटाचे फोटो तारखेनिशी घेऊन जा. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, नाकपुडीशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान वर धरणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी न्या.

प्र. आमच्याकडे मे महिन्यात कूलर चालतो. सापाला वेगळं काही करावं लागेल? (नागपूर)

उ. कूलर चालू आहे तोवर खोलीत ओल भरपूर असते, बंद केला की तासाभरात सगळी जाते. त्यामुळे मापकाचा आकडा दुपारी बघून समाधान मानू नका, पहाटेही बघा. टँक कूलरच्या झोतात नको. एसी लावणाऱ्यांनी उलट धरावं: एसी हवेतलं पाणी काढून बाहेरच्या नळीने टाकतो. पण विदर्भात मेमध्ये पहिली काळजी आर्द्रतेची नाही, तापमानाची. वीज गेली आणि खोली ३५ अंशांच्या वर गेली तर ओला डबा सापाला वाचवणार नाही. टँक घरातल्या सर्वांत खालच्या, उत्तरेकडच्या खोलीत हलवा.

प्र. माळ्यावर कौलांखाली चार हात लांब कात सापडली. घरचे म्हणतात नागाचीच, आणि कात हलवली तर साप डूख धरतो. कात नागाची आहे का ते कसं कळेल? भाचा तर म्हणतो विहिरीवरचं दिवड पकडून पाळू, त्याची कात बघायला मिळेल. (राजापूर)

उ. साप डूख धरत नाही, तेवढी स्मरणशक्ती आणि एवढा मानापमान त्याच्याकडे नाही. कातीत विषही नसतं. हात धुतलेत की झालं.

लांबीवर जाऊ नका. निघताना कात ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा लांबच भरते. खवले बघा. डोक्यावर मोठ्या ढालींसारखे ठरावीक खवले आणि अंगावरचे गुळगुळीत असतील तर नाग असू शकतो, पण धामणही असू शकते, आणि कौलांत उंदरांमागे येणाऱ्यांत धामण नेहमीचीच. डोक्यावर बारीक बारीक खवले आणि अंगावरच्या प्रत्येक खवल्याला मधोमध उभी रेघ उठलेली असेल तर घोणस. पाठीच्या मध्यावरची एकच रांग मोठ्या षटकोनी खवल्यांची असेल तर मण्यार. फण्यावरचा आकडा कातीत शोधू नका, रंग कातीत जेमतेम उतरतो. साप कोणत्या बाजूला गेला हेही कात सांगते. ती मोज्यासारखी उलटी होत निघते, तोंडाकडचा भाग सुरुवातीच्या जागी अडकून राहतो आणि शेपटीचं टोक साप गेला त्या दिशेला पडतं. ती जिकडे दाखवते तिकडची फट बुजवा, आणि उंदरांचा बंदोबस्त करा.

भाच्याला मात्र नाही म्हणा. दिवड असो, धामण असो की मांडूळ, आपल्याकडचा साप पकडून घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. परदेशी सापांनाही मोकळं रान नाही: २०२२च्या दुरुस्तीनंतर, साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असलेल्या, बॉल पायथनसारख्या प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि पिल्लं झाली किंवा साप दुसऱ्याला दिला तर तीही नोंद लागते. विकणारा कागद देत नसेल तर साप घेऊ नका. आणि घरात जिवंत साप दिसलाच तर काठी न उचलता लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.